विकासाच्या पंगतीत स्वयंसेवी संस्थांचे पान

ब्रिटनमध्ये २०१० साली सत्तेवर आलेल्या आघाडी सरकारच्या दोन मंत्र्यांनी २९ जून रोजी एक संयुक्त पत्र पाठविले. उद्योगमंत्री व्हिन्स केबल आणि स्थानिक प्रशासन खात्याचे मंत्री एरिक पिकल्स यांच्या स्वाक्षरीचे हे पत्र इंग्लंडमधील स्थानिक संस्थांच्या नेत्यांना आणि उद्योगजगतातील धुरिणांना उद्देशून होते. या दोघांनी एकत्र येऊन आपापल्या भागाच्या आर्थिक विकासासाठी भागीदारी मंडळे स्थापन करावीत, मंडळात दोन्ही बाजूंना समान स्थान असावे आणि अध्यक्षपद नामवंत उद्योजकाकडे असावे, असे त्यात सुचविले होते. रोजगार प्रशिक्षणापासून बेघरांच्या निवाऱ्यापर्यंतची कामे करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचा पत्राच्या मायन्यात समावेश नव्हता. पुढील चौदा वर्षे या संस्था ज्या प्रश्नाशी झगडत राहिल्या, त्याचे मूळ या मायन्यातच होते.

प्रश्न केवळ मानाच्या खुर्चीचा नाही. कोणत्या रस्त्याला पैसा द्यायचा, कोणत्या कौशल्याचे प्रशिक्षण द्यायचे, दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांसाठी किती तरतूद ठेवायची, हे ज्या बैठकीत ठरते तेथे गरिबांमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा आवाज असावा की नसावा, हा खरा मुद्दा आहे.

आधीची व्यवस्था

टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९९८ च्या कायद्यान्वये प्रादेशिक विकास संस्था स्थापन केल्या. त्यांपैकी आठ संस्थांचे काम एप्रिल १९९९ मध्ये सुरू झाले. लंडनची नववी संस्था जुलै २००० मध्ये आली. या संस्थांच्या मंडळांवर उद्योजकांचे वर्चस्व असले, तरी स्थानिक लोकप्रतिनिधी, कामगार संघटना, शिक्षण आणि स्वयंसेवी क्षेत्र यांतूनही सदस्य घेतले जात. त्यांच्या जोडीला असलेल्या प्रादेशिक सभांमध्ये सामाजिक आणि पर्यावरणविषयक गटांनाही स्थान होते. याच सुमारास, नोव्हेंबर १९९८ मध्ये, सरकार आणि स्वयंसेवी क्षेत्र यांच्यात 'कॉम्पॅक्ट' नावाचा करार झाला. धोरण आखताना या संस्थांशी विचारविनिमय करण्याचे तत्त्व त्यात मान्य करण्यात आले. मात्र त्याला कायद्याचे बंधन नव्हते.

प्रादेशिक विकास संस्थांवर टीकाही बरीच झाली. त्या खर्चिक आहेत, लोकांना उत्तरदायी नाहीत आणि त्यांच्या सीमा प्रत्यक्ष अर्थव्यवहाराशी जुळत नाहीत, असे आक्षेप होते. आघाडी सरकारने ते ग्राह्य धरून या संस्था गुंडाळल्या. ३१ मार्च २०१२ रोजी त्यांचे कामकाज थांबले आणि त्यांच्याबरोबर स्वयंसेवी क्षेत्राला मिळत आलेले स्थानही गेले.

उद्योजकांचे मंडळ

नव्या 'लोकल एंटरप्राइज पार्टनरशिप', अर्थात स्थानिक उद्योग भागीदारी मंडळांपैकी पहिल्या २४ प्रस्तावांना ऑक्टोबर २०१० मध्ये मान्यता मिळाली. पुढे त्यांची संख्या ३९ झाली. कोणत्याही स्वतंत्र कायद्याने ही मंडळे निर्माण झालेली नव्हती. त्यामुळे सदस्य कोण असावेत, हे बव्हंशी स्थापन करणाऱ्यांच्या मर्जीवर राहिले. काही मंडळांनी स्वयंसेवी क्षेत्रातील एका व्यक्तीला सदस्य करून घेतले, काहींनी उपसमितीवर भागविले, तर काहींनी अधूनमधून होणाऱ्या सल्लामसलतीपलीकडे काही केले नाही.

मराठी वाचकाला ही रचना समजण्यासाठी जिल्हा नियोजन समितीशी तुलना उपयोगी पडेल. भारतीय राज्यघटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदानुसार या समितीचे किमान चारपंचमांश सदस्य जिल्ह्यातील पंचायत आणि नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडून यावे लागतात. म्हणजे तेथे भर लोकनियुक्त प्रतिनिधींवर आहे, तर इंग्लंडमधील मंडळांत तो उद्योजकांवर होता. स्वयंसेवी संस्थांसाठी राखीव जागा मात्र या दोन्ही रचनांमध्ये नाही.

मंडळांच्या समर्थकांचा युक्तिवाद साधा होता. रोजगार उद्योग निर्माण करतात, तेव्हा आर्थिक विकासाची दिशाही उद्योजकांनीच ठरवावी. प्रत्येक गटाला जागा देत गेल्यास मंडळाचे संमेलन होईल आणि निर्णय लांबतील. त्यात तथ्य आहे. परंतु स्वयंसेवी क्षेत्र म्हणजे केवळ दानधर्म, हा त्यामागचा समज अपुरा आहे. ब्रिटनमध्ये या क्षेत्रात नऊ लाखांहून अधिक लोक पगारी नोकरी करतात. देशातील एकूण मनुष्यबळाच्या ते सुमारे तीन टक्के आहेत. शिवाय आजारपण, कर्जबाजारीपणा किंवा शिक्षणाचा अभाव यांमुळे नोकरीपासून दूर राहिलेल्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग बहुधा याच संस्थांतून जातो.

निधीबरोबर आलेली अट

या संस्थांना खरा आधार मिळाला तो लंडनहून नव्हे, तर ब्रुसेल्सहून. युरोपीय संघाच्या २०१४ ते २०२० या कालावधीच्या निधीतील सहा अब्ज युरोंहून अधिक रक्कम इंग्लंडमध्ये या मंडळांच्या क्षेत्रांनुसार विभागण्यात आली आणि तिच्या विनियोगाची स्थानिक धोरणे आखण्याचे काम मंडळांकडे आले. हा निधी मात्र अटींसह येत होता. संघाच्या २०१३ च्या नियमावलीतील पाचव्या अनुच्छेदानुसार नियोजनात शासकीय संस्था, आर्थिक व सामाजिक घटक आणि नागरी समाजाचे प्रतिनिधी अशा तिघांना सहभागी करून घेणे बंधनकारक होते. युरोपीय सामाजिक निधीतील किमान २० टक्के रक्कम सामाजिक समावेशन आणि दारिद्र्य निवारणासाठी राखावी लागत होती.

परिणाम लगेच दिसला. प्रत्येक क्षेत्रात नेमलेल्या स्थानिक समित्यांवर स्वयंसेवी क्षेत्राचा प्रतिनिधी आला. लॉटरीच्या उत्पन्नातून अनुदान देणाऱ्या 'बिग लॉटरी फंड'ने युरोपीय निधीत आपली भर घालून 'बिल्डिंग बेटर अपॉर्च्युनिटीज' हा कार्यक्रम राबविला आणि त्यातून स्वयंसेवी संस्थांच्या अनेक स्थानिक आघाड्यांना अनुदान मिळाले. अर्थात, या समित्यांचे काम सल्ला देण्याचे होते. अंतिम निर्णय सरकारी खात्यांकडेच राहिला.

प्रतिनिधी कोणाचा?

जागा मिळाल्यानंतर दुसरी अडचण पुढे आली. मंडळावरील उद्योजक आपल्या अनुभवाच्या बळावर बोलतो. जिल्ह्यातील प्रत्येक दुकानदाराचे मत त्याने आणावे, अशी अपेक्षा कोणी धरत नाही. स्वयंसेवी क्षेत्राच्या एकमेव सदस्याला मात्र 'तुम्ही नक्की कोणाच्या वतीने बोलता', असे विचारले जाते. शेकडो लहानमोठ्या संस्थांची मते जाणून घेणे, बैठकीपूर्वी जाडजूड कागदपत्रे वाचणे, बैठकीनंतर सर्वांना वृत्तांत कळविणे यासाठी माणसे आणि पैसा लागतो. हे काम करणाऱ्या स्थानिक समन्वय संस्थांचे अनुदान नेमके याच काळात, सरकारच्या काटकसरीच्या धोरणामुळे, आटत गेले.

हितसंबंधांचा पेचही होता. ज्या संस्थेचा प्रमुख समितीवर बसतो, तीच संस्था उद्या निधीसाठी अर्ज करणार असेल, तर निर्णयाच्या वेळी त्याने बाहेर जावे लागते. मग त्या विषयावर स्वयंसेवी क्षेत्राचा आवाजच उरत नाही. एकट्या प्रतिनिधीऐवजी किमान दोघे असावेत, या मागणीमागे हेच कारण होते.

लहान संस्थांपुढे तर रोख रकमेचाच प्रश्न असतो. काम आधी आणि परताव्याचे पैसे मागाहून, अशी युरोपीय निधीची पद्धत होती. २०११ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'वर्क प्रोग्रॅम'मध्येही माणूस नोकरीत टिकल्यावरच बहुतांश रक्कम मिळत असे. तेथील मुख्य कंत्राटे बहुतेक खासगी कंपन्यांकडे गेली आणि स्वयंसेवी संस्था उपकंत्राटदार ठरल्या. चार कर्मचाऱ्यांची संस्था सहा महिने पदरमोड करू शकत नाही. अटी ठरविणाऱ्या बैठकीत तिची अडचण सांगणारा कोणी नसेल, तर कागदावर सर्वांना खुली असलेली योजना प्रत्यक्षात मोठ्यांचीच राहते.

पुन्हा नवी रचना

भागीदारी मंडळांच्या पारदर्शकतेविषयी नॅशनल ऑडिट ऑफिस या लेखापरीक्षण संस्थेने २०१६ आणि २०१९ मध्ये प्रश्न उपस्थित केले. या दोहोंच्या दरम्यान, जुलै २०१८ मध्ये, सरकारने सुधारणा जाहीर केल्या. मंडळात कायम सदस्य २० पेक्षा अधिक नसावेत, त्यांपैकी दोनतृतीयांश खासगी क्षेत्रातील असावेत आणि २०२० पर्यंत किमान एकतृतीयांश महिला असाव्यात, असे ठरले. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वासाठी आकडा आणि मुदत आली. स्वयंसेवी क्षेत्रासाठी तसा कोणताही आकडा ठरला नाही.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि संघाच्या निधीबरोबर आलेली भागीदारीची अटही कालांतराने संपुष्टात आली. तिच्या जागी २०२२ मध्ये 'शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड' आला. मार्च २०२५ पर्यंत २.६ अब्ज पौंडांच्या या निधीसाठी स्थानिक सल्लागार गटांत नागरी समाजाला स्थान देण्याची अपेक्षा ठेवण्यात आली, पण खर्चाची जबाबदारी स्थानिक प्रशासनाकडे राहिली. भागीदारी मंडळांचे सरकारी अर्थसाह्य एप्रिल २०२४ पासून थांबले आणि त्यांची कामे स्थानिक संस्था व अनेक ठिकाणी थेट निवडून आलेले महापौर असलेली संयुक्त प्राधिकरणे यांच्याकडे गेली. ग्रेटर मँचेस्टरमध्ये अशा प्राधिकरणाने २०२१ मध्ये स्वयंसेवी क्षेत्राशी लेखी करार केला आहे. जुलै २०२५ मध्ये केअर स्टार्मर यांच्या सरकारने संपूर्ण क्षेत्रासाठी नवा 'सिव्हिल सोसायटी कव्हेनंट' जाहीर केला. १९९८ च्या कॉम्पॅक्टप्रमाणेच तोही परस्पर विश्वासाची भाषा बोलतो आणि कॉम्पॅक्टप्रमाणेच त्याला कायद्याची सक्ती नाही.

गेल्या पाव शतकात इंग्लंडमध्ये प्रादेशिक विकासाची चौकट दोनदा मोडून नव्याने बांधली गेली. प्रत्येक वेळी स्वयंसेवी संस्थांना आपले स्थान पहिल्यापासून मागावे लागले. जेथे नियम होता, तेथे जागा मिळाली. जेथे केवळ सद्भावना होती, तेथे ती त्या त्या अध्यक्षाच्या मनावर अवलंबून राहिली. पंगतीत पान मांडायचे की नाही हे यजमानाच्या मर्जीवर असेल, तर पाहुण्याला हक्काने काही मागता येत नाही, इतकाच या अनुभवाचा अर्थ आहे.