पारावरची वार्ता

आमच्या लहानपणी खेड्यातील पारावर वार्ता येई ती माणसाच्या तोंडून. सांगणारा कोण, कोणाच्या घरचा, त्याच्या शब्दास किती वजन द्यावयाचे, हे ऐकणारास ठाऊक असे. आज गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर वार्ता क्षणात येते. तिचा मूळ वक्ता मात्र दिसत नाही.

ह्या साधनाने गाव जोडले नाही, असे कोणी म्हणू नये. पुण्या-मुंबईस पोटासाठी गेलेल्यास गावातील मयताची वार्ता त्याच घटकेस कळते. जत्रेची वर्गणी, शाळेची सूचना, चुकलेले जनावर, सारे त्यावरून चालते. परगावी गेलेला मनुष्य त्यामुळे गावाला धरून राहतो.

परंतु तेच साधन गावाचा विश्वास मोडूही शकते. २०१८ साली मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. दारोदार फिरणारा भिक्षेकरी गावगाड्यास पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता. अफवेने त्याला परका केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. तिने अफवेचा वेग आवरेल. विवेक कोठून यावयाचा?

तो शाळेतूनच आला पाहिजे. 'हे तुला कोणी सांगितले?' हा पारावरचा साधा प्रश्न विद्यार्थ्याच्या जिभेवर पुन्हा रुजविणे, हे आम्हां शिक्षकांचे काम होय.