मतदाराची ठेव

मत ही मतदाराने विश्वासाने दिलेली ठेव होय. ती परस्पर दुसऱ्याच्या खाती जमा झाली, तर त्याने काय करावे?

गोव्यात हा प्रश्न वारंवार उद्भवला. २०१७ साली विधानसभेच्या ४० जागांपैकी १७ जिंकूनही काँग्रेस सत्तेबाहेर राहिली; २०१९ साली तिचे १० आमदार एकदम भारतीय जनता पक्षात गेले. घटनेचे दहावे परिशिष्ट एकट्याच्या पक्षांतरास मनाई करते. दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणास मात्र वाट मोकळी ठेवते. २०२२ साली काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रूस व दर्गा यांच्यापुढे निष्ठेच्या शपथा घेतल्या. तरी त्याच सप्टेंबरात निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण निघून गेले!

मग मतदार नव्या पक्षांकडे वळला, यात नवल कोणते? त्याच निवडणुकीत रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षास सुमारे ९ टक्के मते पडली. जागा मात्र सांत आंद्रेची एकच, तीही अवघ्या ७६ मतांनी. उलट, सुमारे एक तृतीयांश मतांवर भारतीय जनता पक्षास २० जागा लाभल्या. सर्वाधिक मते मिळवील तो विजयी, या पद्धतीत विखुरलेला रोष प्रबळ पक्षाच्याच पथ्यावर पडतो.

तेव्हा केवळ नवा झेंडा पुरेसा नाही. पक्ष लहान असो वा मोठा, ठेव परत मागण्याची जागरूकता मतदाराने पाच वर्षे बाळगली पाहिजे.