कोअर टेक्स्टमधील जोडाक्षर दोष (२०१८)

कोअर टेक्स्टमधील जोडाक्षर दोष (सीव्हीई-२०१८-४१२४) हा ॲपल कंपनीच्या आयओएस व मॅकओएस या प्रणालींमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेला सुरक्षा दोष होता. तेलुगू लिपीतील 'ज्ञा' हे अक्षर विशिष्ट चिन्हक्रमाने लिहिलेला संदेश दाखवताना ॲप बंद पडत असे. तोच संदेश सूचनेच्या रूपात आल्यास फोन वारंवार नव्याने सुरू होत राही. हा दोष 'तेलुगू बग' या नावाने प्रसिद्ध झाला. हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे.

पार्श्वभूमी

युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांतील मजकूर सुट्या चिन्हांच्या रूपात साठवला जातो. 'नाशिक' या शब्दात वाचकास तीन अक्षरे दिसतात. संगणकाकडे न, काना, श, वेलांटी आणि क अशी पाच चिन्हे असतात. त्यांतील वेलांटी 'श'नंतर साठवलेली असूनही त्याच्या आधी रेखाटावी लागते. 'त्र्यंबक' या शब्दात तीन अक्षरांमागे आठ चिन्हे आहेत. चिन्हांचे असे गट ओळखून त्यांचे योग्य आकार मांडण्याचे काम ॲपलच्या उपकरणांवर कोअर टेक्स्ट ही सॉफ्टवेअर लायब्ररी करते. अनेक ॲप तिच्यावर अवलंबून असल्यामुळे व्हॉट्सॲप, मेसेंजर, जीमेल असे परस्परांशी संबंध नसलेले ॲप एकाच चुकीने बंद पडले.

कारण

संगणक अभियंता मनीष गोरेगावकर यांनी केलेल्या विश्लेषणानुसार बंगाली व देवनागरी लिप्यांतील काही क्रमांनीही हाच परिणाम होत असे. हा क्रम व्यंजन, हलन्त चिन्ह, दुसरे व्यंजन, शून्य रुंदीचे विलगक चिन्ह आणि स्वरचिन्ह असा होता. देवनागरीत दुसरे व्यंजन 'र' असावे लागे. उदाहरणार्थ, 'क्र' आणि त्यापुढील काना यांच्यामध्ये विलगक चिन्ह घातलेले असणे. नेहमीच्या मराठी लेखनात असा क्रम येत नाही.

विलगक चिन्ह अदृश्य असले तरी निरुपयोगी नाही. 'वाङ्‌मय' या शब्दातील 'ङ्' पाय मोडून सुटा दाखवण्यासाठी तेच वापरतात, परंतु तेथे ते हलन्त चिन्हानंतर लगेच येते. त्यामुळे हे चिन्ह सरसकट गाळून टाकणे हा उपाय मराठी लेखनास बाधक ठरला असता.

दुरुस्ती

ॲपलने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी आयओएस ११.२.६ प्रसिद्ध करून दोष दूर केला. विशिष्ट मजकुरामुळे उपकरणाच्या स्मृतीतील माहिती बिघडत होती आणि आत येणाऱ्या मजकुराची तपासणी सुधारण्यात आली, असे कंपनीने नमूद केले. याआधी मे २०१५ मध्येही एका संदेशामुळे आयफोन बंद पडत होते. त्या संदेशात अरबी व चिनी अक्षरांसोबत देवनागरीतील 'ॣ' हे मराठीत जवळजवळ न लागणारे स्वरचिन्ह होते. तो दोषही कोअर टेक्स्टमध्येच होता व आयओएस ८.४ मध्ये दुरुस्त झाला.