लॅपटॉप मध्येच बंद पडला तर



लागण नोंदीच्या ऐन दिवसांत गट ऑफिसची लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, तो जागीच बंद. लाईट आली, पण विंडोज काही सुरू होईना. तीन गावांच्या नोंदी आत!

फिरत्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला सहसा ५४०० फेरे घेते. लिहिता लिहिता वीज तुटली की लिखाण अर्धवट राहते आणि कुठली फाईल कुठे आहे याची खातेवहीच बिघडते. तबकडी बहुधा शाबूत असते. अशा वेळी विंडोजची ‘चेकडिस्क’ तपासणी कामी येते. मात्र आतून टकटक आवाज येत असेल तर ती मुळीच चालवू नये. वाचणारी सुईच बिघडली असण्याचा संभव असतो, मग जितके फिरवाल तितके नुकसान. सरळ बंद करून जाणकाराकडे द्यावा.

आवाज नसला तरी डिस्क काढून, यूएसबी केसमधून दुसऱ्या संगणकाला जोडून आधी फाईली उतरवाव्यात, मग दुरुस्ती. कारण चेकडिस्क तुटकी फाईल कापूनही टाकते. आम्ही घाईने नेमके उलटे केले, नि एका गावच्या नोंदी गेल्या. चूक आमचीच. त्या गावच्या सभासदांनी नोंदीची पावती गट ऑफिसात आणून क्षेत्र व लागण तारीख ताडून घ्यावी.