बंदूक दुरुस्तीला दिली, पुढे काय?

वाचकहो, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याच्या फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. मालाचा टेम्पो आला की पहारेकरी आधी चलन मागतो. माल कोणता, नग किती, आला कुठून, परत कधी जायचा, हे सारे कागदावर असते. चलनाशिवाय साधा बोल्टदेखील आत-बाहेर होत नाही. आता त्याच फाटकावर खांद्याला दुनळी अडकवून जो गनमन उभा असतो, त्याची बंदूक बिघडली म्हणजे तो काय करतो? ती कापडात गुंडाळतो, शहरातल्या कारागिराच्या पुढ्यात ठेवतो, "बघा जरा" म्हणतो आणि मोकळ्या हाताने घरी येतो. पावती नाही, तारीख नाही, मजुरीचा आकडा नाही. दिवसभर दुसऱ्यांची चलने तपासणारा माणूस स्वतःची हजारो रुपयांची वस्तू नुसत्या तोंडी शब्दावर सोडून येतो. पुढचा सारा मनस्ताप इथेच सुरू होतो.

माझ्या नात्यातले एक निवृत्त हवालदार आहेत. खेड तालुक्यातले. सैन्यातून आल्यावर त्यांनी परवाना काढून बारा बोअरची दुनळी घेतली आणि एका कारखान्यावर गनमन म्हणून लागले. साध्या पहारेकऱ्यापेक्षा गनमनला पगार जास्त, आणि तो जास्तीचा पगार बंदुकीपायी, हे उघडच आहे. एके वर्षी बंदुकीची उजवी नळी दगा देऊ लागली. चाप ओढला तरी घोडा नीट पडेना. गणपतीच्या आधी त्यांनी ती पुण्यात एका कारागिराकडे दिली. "आठ दिवसांनी या." आठ दिवसांनी गेले, "पुढच्या सोमवारी या." मग "भाग यायचाय," मग "मालक गावाला गेलेत." फोन केला तर वाजून वाजून बंद. दर खेपेला अर्धा दिवस मोडायचा आणि भाडे जायचे ते वेगळेच. दिवाळी आली. कारखान्यावर त्यांना साध्या पहारेकऱ्याच्या जागेवर उभे केले आणि पगार तितका कमी झाला.

त्यांचा पुतण्या भोसरीत लेथवर काम करतो. तो म्हणाला, "काका, एवढं काय त्यात? बंदूक परत आणा. तो तुकडा मी दुपारच्या सुट्टीत करून देतो." हवालदार माझ्याकडे आले ते हे विचारायला. मी त्यांना जे सांगितले तेच आज आपल्यापुढे मांडतो, कारण आपल्या या पट्ट्यात लेथ गल्लोगल्ली आहेत आणि हा सल्ला कोणालाही सहज पटण्यासारखा आहे.

तो सल्ला घातक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम नुसते बंदुका बनवण्यापुरते नाही. दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करण्याचा धंदासुद्धा परवान्यावाचून करता येत नाही. २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि या कलमाचा भंग करून शस्त्र बनवणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. पुतण्याचा हेतू निर्मळ असेल, पण त्याच्यापाशी परवाना नाही. काकांची नोकरी वाचवायला जाऊन घरातल्या तरुण पोरावर खटला ओढवून घ्यावा, याला शहाणपण कोण म्हणेल? शिवाय लेथवर माप बरोबर आले म्हणजे भाग बरोबर झाला असे नाही. पोलादाला पाणी किती द्यायचे, ते किती उतरवायचे, हे ज्याला कळते त्यानेच बंदुकीत हात घालावा. काडतुसाचा दाब नळीत फुटतो तेव्हा बंदूक आपल्या गालाला लागलेली असते.

आता कारागिराचीही बाजू पाहू या. टाळी एका हाताने वाजत नाही. खडकीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना १८६९ पासून आहे, म्हणून लोकांना वाटते की या भागात बंदुकीच्या दुरुस्तीला काय तोटा! पण तिथे तुमची-माझी बंदूक दुरुस्त होत नाही. खाजगी बंदुकांचे काम परवानाधारक दुकानांतच होते आणि त्यांतही हाताने काम जाणणारे कारागीर थोडे. बंदूक जुनी विलायती असली तर तिचा सुटा भाग बाजारात तयार मिळत नाही. तो घासून, बसवून, पुन्हा काढून, पुन्हा घासून हातानेच करावा लागतो. आतली कमान घाईने तापवली तर दोन बार उडताच मोडते. नळीला पोचा आला असेल तर तो ठोकून नव्हे, आतून हळूहळू उचलून काढावा लागतो. तेव्हा चांगल्या कामाला वेळ लागतो, हे आपण मान्य करायला हवे.

पण वेळ लागणे वेगळे आणि गप्प बसणे वेगळे. "कमान मोडली, दुसरी करतो, महिना लागेल," हे सांगायला कारागिराला एक मिनिट पुरते. त्या एका मिनिटाने गिऱ्हाइकाच्या चार खेपा वाचतात, त्याला मालकाला काही सांगता येते, परवान्याच्या नूतनीकरणाची तजवीज करता येते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की उशीर सोसावा, मौन सोसू नये. आणि मौन सोसायची पाळी येऊ नये म्हणून बंदूक देतानाच बंदोबस्त करावा.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. १८७२ चा करार कायदा घ्या. आपण वस्तू दुरुस्तीला देतो तेव्हा ती दुसऱ्याच्या ताब्यात ठेवलेली ठेव असते. स्वतःच्या तेवढ्याच किमतीच्या वस्तूची शहाणा माणूस जशी काळजी घेईल, तशी कारागिराने तिची घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. कामाची मुदत ठरलेली नसेल तर काम 'वाजवी वेळात' झाले पाहिजे, असे कलम ४६ सांगते. वाजवी म्हणजे किती, हे कामावर अवलंबून. म्हणूनच मुदत लिहून घेतलेली बरी, म्हणजे वाद उरत नाही.

दुसरा प्रश्न लोक हमखास विचारतात. मजुरी दिल्याशिवाय बंदूक देत नाही, असे कारागीर म्हणू शकतो का? म्हणू शकतो, पण काम केले असेल तर. कलम १७० मध्ये याचे उदाहरणच दिले आहे. कच्चा हिरा पैलू पाडायला दिला आणि जवाहिऱ्याने पैलू पाडले, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. पण हिऱ्याला हातच लावला नाही, तर तो कशाच्या जोरावर ठेवणार? बंदुकीचेही तसेच. काम झालेच नसेल तर ती परत मागण्याचा तुमचा हक्क पुरा आहे.

तिसरा आधार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. हा कायदा जुलै २०२० पासून अंमलात आहे. पैसे घेऊन केलेल्या सेवेतल्या उणिवेबद्दल ग्राहकाला दाद मागता येते, हे पुष्कळांना माहीत असते. पण या कायद्याने 'उणीव' या शब्दात एक नवी गोष्ट घातली आहे. ग्राहकाला द्यायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे, हीसुद्धा उणीव. म्हणजे ज्या मौनाबद्दल आपण बोलत आहोत, त्याची दखल कायद्यानेही घेतली आहे. सेवेची पावती न देणे हाही या कायद्यात गैरव्यवहार धरला आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो.

देण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. काडतुसे घरी ठेवा. दुकानात लावलेला परवाना पाहा आणि त्यात दुरुस्तीचे काम येते का ते विचारा. यात भिडेचे काही नाही, चांगला कारागीर स्वतःच दाखवतो. शक्य तर बंदूक स्वतः न्या. आजारपणामुळे मुलाला पाठवायचे झाले तर त्याच्यापाशी तुमच्या सहीचे अधिकारपत्र असलेच पाहिजे. दुरुस्तीसाठी बंदूक नेणाऱ्याला परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र असेल, तर कायद्याचे तिसरे कलम तेवढ्यापुरती सूट देते. सोबत परवान्याची प्रत द्या. नुसते "बाबांनी सांगितलंय" चालत नाही.

देताना पावती घ्या. तीत बंदुकीचा प्रकार, तिच्यावरचा नंबर, बिघाड काय, काम काय करायचे, मजुरीचा अंदाज, दिलेली आगाऊ रक्कम आणि परत देण्याची तारीख, एवढे हवे. आणखी एक ओळ घालून घ्या: 'काम वाढल्यास किंवा उशीर होणार असल्यास या फोनवर कळवावे.' बंदुकीचे आणि नंबराचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. आगाऊ रक्कम थोडी द्या, सगळी मजुरी आधी देऊ नका. ही पावती परवान्यासोबत जपा. निवडणुकीच्या वेळी किंवा नूतनीकरणाच्या वेळी पोलिसांनी बंदूक दाखवा म्हटले, तर ती कुठे आहे याचा पुरावा तीच. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांची पाच वर्षे झाली, त्यामुळे तारीख विसरण्याचा संभवही वाढला. बंदूक कारागिराकडे असली तरी मुदत थांबत नाही.

तारीख उलटली तर लगेच भांडू नका. आठवडाभर थांबा, मग जाऊन किंवा फोनवर चार प्रश्न विचारा. बंदूक उघडली का? नेमके काय बिघडले आहे? भाग कुठून यायचा आहे? नवी तारीख कोणती? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर समजा की उशीर प्रामाणिक आहे. त्याच दिवशी मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठवा: 'आज आपले बोलणे झाले, आपण अमुक तारीख दिली.' पुढे तंटा झालाच तर एवढे लिखाण फार उपयोगी पडते.

उत्तरे मिळाली नाहीत, तर पत्र लिहा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि प्रत ठेवा. पत्रात राग नको. 'अमुक तारखेला, अमुक पावतीने, अमुक नंबराची बंदूक आपणाकडे दिली. ठरलेली तारीख गेली. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम पूर्ण करून द्यावे, किंवा झाले नसल्यास बंदूक आहे त्या स्थितीत परत करावी.' एवढे पुरे.

तेही व्यर्थ गेले तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या बाबतीत शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे.

एका बाबतीत मात्र थांबायचे नाही. दुकान बंद पडले, बंदूक सापडत नाही असे कारागीर म्हणू लागला, किंवा ती भलत्याच्याच हाती गेल्याचे कळले, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्याला आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळवा. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झाले. त्याच्या हद्दीत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, हद्दीबाहेरच्या ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. हरवलेल्या बंदुकीने उद्या काही घडले, तर नंबर तुमच्या नावावर आहे, हे विसरू नका.

शेतकरी बांधवांना एक शब्द. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणारी घरे आपल्याकडे आहेत. पीक ऐन भरात असताना बंदूक दुरुस्तीला गेली की जीव खालीवर होतो, म्हणून दुरुस्ती हंगाम नसताना करून घ्यावी. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे आणि त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

आता आमच्या हवालदारांचे काय झाले ते सांगतो. त्यांच्याकडे पावती नव्हती. तरी आम्ही पत्र लिहिले, बंदुकीचा नंबर परवान्यावरून घातला. सहाव्या दिवशी खुद्द कारागिराचा फोन आला. म्हातारा माणूस. म्हणाला, "दोनदा कमान केली, दोनदा मोडली. तुम्हाला काय तोंडानं सांगू, म्हणून फोन उचलत नव्हतो." फसवण्याचा विचार त्याच्या मनात नव्हता. आपल्या हातून काम बिघडल्याची लाज होती. त्या लाजेपायी हवालदारांचे चार महिन्यांचे पैसे गेले. संक्रांतीला बंदूक हाती आली आणि तिचे काम उत्तम झाले होते. हवालदार पुन्हा गनमनच्या जागेवर गेले, पण गेलेला पगार काही परत आला नाही.

शिक्षकबंधूंनो, गावात असा कोणी कापडात बंदूक गुंडाळून शहराला निघालेला दिसला, तर त्याला पाच मिनिटे शाळेत बसवा. पावतीचा एक नमुना आणि अधिकारपत्राच्या चार ओळी त्याला आपल्या हाताने लिहून द्या. पुढे पत्र लिहायची वेळ आली, तर त्याला त्या कागदाचा आधार असेल.