बिल्जमधील पाणीगळती

बिल्ज म्हणजे बोटीच्या तळाचा, पठाणालगतचा (पठाण म्हणजे बोटीचा कणा) सर्वांत खोलगट भाग. बोटीत कोठूनही शिरलेले पाणी उताराने येथे येऊन साचते. ज्या बोटीचे इंजिन पिछाडीला टांगलेले नसून आत बसवलेले असते, तिच्या तळाला इंजिनाच्या दांड्यासाठी व थंडाव्याच्या पाण्यासाठी भोके पाडावी लागतात. त्यामुळे अशा बोटीत गळतीची ठिकाणे वाढतात. सातपाटी, ससून डॉक, हर्णे, मिरकरवाडा येथील डिझेल इंजिनाच्या मासेमारी नौका याच प्रकारच्या आहेत. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धेसारख्या नदीतील साध्या डोंग्याला इंजिनच नसल्याने तेथे प्रश्न फक्त फटींचा व पावसाच्या पाण्याचा असतो.

धोका

पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटर खोलीवर २५ मिलिमीटर व्यासाचे भोक पडल्यास मिनिटाला सुमारे ६० लिटर, म्हणजे तासाला साधारण ३,६०० लिटर पाणी आत येते. लहान बोटींवरील अनेक विद्युत पंपांची क्षमता याहून कमी असते. साचलेले पाणी बोट कलताच त्याच बाजूला धावते व कल आणखी वाढवते. म्हणून बोट पूर्ण भरण्यापूर्वीच उलटू शकते. पाणी बॅटरी व स्टार्टरपर्यंत पोहोचले, तर इंजिन आणि पंप दोन्ही ऐन वेळी बंद पडतात.

उगम शोधणे

प्रथम पाणी कोणते, हे ठरवावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी खारे असल्यास ते बाहेरून आले. गोडे असल्यास ते पावसाचे, पिण्याच्या टाकीचे किंवा इंजिनाच्या बंद शीतन-व्यवस्थेचे असते. शीतनद्रव रंगीत असल्यास ओळख सोपी होते. मासेमारी नौकेत एक चकवा असतो. माशांच्या खणातील बर्फ वितळून आलेले पाणी तळात उतरते. त्याला वास येतो, त्यात खवले असतात. माशांमुळे ते थोडे खारटही लागते.

यानंतर बिल्ज पूर्ण उपसून कोरडे पुसावे आणि गळती केव्हा होते ते पाहावे. बोट धक्क्याला स्थिर असतानाही पाणी वाढत असेल, तर दोष फळ्यांच्या सांध्यांत, तळाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा दांड्याच्या ग्लँडमध्ये असतो. केवळ इंजिन चालू असताना वाढत असेल, तर समुद्राचे पाणी खेचणारा पंप, त्याच्या नळ्या व निष्कास नळी तपासावी. फक्त लाटांत येत असेल, तर पाण्याच्या रेषेवरील सांधे संशयित ठरतात. संशयित जागेखाली कोरडा कागद अंथरल्यास पहिला ओला डाग उगमाची दिशा दाखवतो. पाणी साचते ती जागा बहुधा उगमाची नसते.

स्वयंचलित पंप सोयीचा खरा, पण तो गळती झाकतो. तो दिवसातून किती वेळा सुरू होतो याची नोंद ठेवणे हे पंपाइतकेच महत्त्वाचे आहे.

दुरुस्ती

पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो तेथे ग्लँड असते. तिच्यात विहिरीवरील मोटारपंपाप्रमाणेच चौकोनी छेदाच्या दोरीची कडी भरतात. पारंपरिक ग्लँडमधून दांडा फिरत असताना मिनिटाला काही थेंब गळणे हा दोष नव्हे. त्याच पाण्याने दोरी व दांडा थंड राहतात. थेंब पूर्ण थांबेपर्यंत ग्लँड आवळल्यास दांडा तापतो व त्यावर चरे पडतात, आणि मग गळती कायमची होते. नट थोडाच फिरवून ग्लँड हाताला गरम लागते का ते पाहावे. दोरी बदलताना प्रत्येक कड्याचा जोड वेगळ्या दिशेला ठेवतात, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. हे काम बोट किनाऱ्यावर असताना करणे उत्तम.

लाकडी बोटींची गोष्ट निराळी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका ओढून शाकारल्या जातात. तेव्हा फळ्या सुकून आकसतात. पुन्हा पाण्यात लोटल्यावर काही दिवस सांधे पाझरतात. लाकूड फुगले की ते बंद होतात. त्यानंतरही पाणी येत राहिले, तर जुना कापूस काढून तेलात भिजवलेला नवा कापूस सांध्यात ठासावा लागतो. फायबरच्या बोटीत फळ्यांचे सांधे नसतात. तेथे गळती बहुतेक वेळा बसवलेल्या भागांच्या कडेने होते.

खाऱ्या पाण्यात निरनिराळे धातू एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रियेने त्यांतील एक झिजतो. म्हणून पंखा व दांडा वाचवण्यासाठी जस्ताचे ठोकळे लावतात. ते निम्मे झिजले की बदलावेत.

तातडीचा उपाय म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हजवळ मऊ लाकडाची निमुळती खुंटी बांधून ठेवतात. नळी तुटल्यास आधी व्हॉल्व्ह बंद करावा. तो अडकलेला असेल, तर खुंटी ठोकावी.

तेलमिश्रित पाणी

इंजिनाखालील पाण्यावर तेलाचा तवंग असतो. मोठ्या जहाजांना दशलक्ष भागांत १५ पेक्षा अधिक तेल असलेले बिल्जचे पाणी समुद्रात सोडण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई आहे. लहान नौकेत तेल शोषणारी चिंधी किंवा गादी बिल्जमध्ये ठेवून तवंग टिपता येतो व ती बंदरावर आणून टाकता येते.