कुंडी डिचोलीची, मिरची हरमलची

घरी पहिल्यांदा कुंडीत मिरची लावायची असेल, तर गोव्याच्या उत्तरेकडच्या दोन तालुक्यांनी अर्धं काम आधीच करून ठेवलंय. डिचोलीत कुंभार आहेत आणि पेडण्यात हरमलची मिरची आहे. एक तालुका भांडं देतो, दुसरा बी. उरलेलं अर्धं काम पाणी घालणाऱ्या हाताचं. नवख्यांची रोपं दगावतात ती बहुधा तिथेच, आणि तहानेने फार थोडी. बहुतेकांचा जीव जातो तो सकाळ-संध्याकाळ लाडाने ओतलेल्या पाण्याने. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या बारीक पोकळ्या कायम पाण्याने भरून राहिल्या की प्राणवायू संपतो, मुळं कुजतात आणि वरची पानं मलूल होतात. ती पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो!

तर ही कुंडी, माती, पाणी आणि मिरची यांची थोडी चटकदार माहिती. शेवटी एका वेगळ्या रोपाविषयी दोन शब्द आहेत, तेही वाचाच.

आधी मानकऱ्याची ओळख

हरमलच्या मिरचीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काणकोणच्या खोला मिरचीने तो मान त्याआधीच मिळवला होता. पुढे आगशीची वांगी आणि सात शिरांची भेंडीही या यादीत आली. एवढ्याशा राज्याने भाजीच्या टोपलीसाठी एवढी मानांकनं मिळवावीत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मिरची मूळची अमेरिकेची. आपल्या किनाऱ्यावर ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली. गोवा शहर त्यांच्या हाती पडलं 1510 मध्ये, पेडणे मात्र थेट 1788 मध्ये. तोवर मिरची साऱ्या हिंदुस्थानच्या स्वयंपाकघरांत रुळली होती. म्हणजे पेडण्यात पोर्तुगीज झेंडा पोचला त्याच्या कितीतरी आधी मिरची पोचलेली असणार.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असं घरोघरी सांगतात. तो बियांत नसतो. बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्या गरात तो तयार होतो आणि तिथून बियांना लागतो. एक मिरची उभी चिरून फक्त बी जिभेवर ठेवा, मग पांढऱ्या शिरेचा कण ठेवा. फरक लगेच कळेल. (ताकाची वाटी जवळ असू द्या.) दुसरी गंमत पक्ष्यांची. आपल्याला जिथे आग जाणवते, तिथे पक्ष्यांना काहीच जाणवत नाही. म्हणून बुलबुल पिकलेल्या मिरच्या खुशाल खातात आणि विष्ठेतून बी दूरवर टाकतात. गोव्याचा राज्यपक्षीही बुलबुलच आहे, हा योग मला फार आवडतो.

कुंडीच्या तळाशी खडी? नको!

पाणी नीट निचरावं म्हणून कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालायची, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पण पाणी बारीक मातीतून भरड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भरेपर्यंत ते तिथेच अडून बसतं. त्यामुळे ओला थर खाली जाण्याऐवजी वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. तळाच्या भोकावर नारळाच्या काथ्याचा एक तुकडा किंवा एक खापरी ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही. त्यापुढे काही नको.

याच नियमाची दुसरी बाजू अधिक कामाची आहे. एकाच मातीने भरलेली उथळ कुंडी आणि खोल कुंडी घेतली, तर तळाशी साचणाऱ्या ओल्या थराची उंची दोन्हींत सारखीच राहते. खोल कुंडीत त्याच्या वर भरपूर हवेशीर माती उरते. उथळ कुंडीत जवळजवळ सगळी मातीच चिखल होते. खात्री करायची असेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, पाणी ठिबकायचं थांबू द्या आणि मग तोच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. पाणी तेवढंच, स्पंजही तोच, बदलली ती फक्त उंची.

मग रोपाला पहिल्याच दिवशी भली मोठी खोल कुंडी द्यावी का? तेही नको. चिमुकल्या मुळांना मोठ्या कुंडीतलं पाणी संपवता येत नाही आणि माती आठवडाभर ओली राहते. बी रुजवायला करवंटी उत्तम. नारळाच्या गावात याहून स्वस्त कुंडी नाही. तिच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने आरपार केला की निचऱ्याची सोय झाली. आईस्क्रीमचे कप, भोकं पाडलेले श्रीखंडाचे डबेही चालतात. चार-सहा पानं आली की रोप मोठ्या घरात हलवायचं. एका मिरचीला दहा-बारा इंच व्यासाची आणि तेवढीच खोल कुंडी आयुष्यभर पुरते.

माती की प्लास्टिक?

डिचोलीचा आठवड्याचा बाजार बुधवारी भरतो. तिथे मातीची कुंडी घेताना बोटाने टिचकी मारून पाहा. चांगली भाजलेली कुंडी खणखणीत वाजते. तडा असेल तर आवाज बद्द येतो. गोव्यातल्या कुंभाराचे हात आवाजाच्या बाबतीतही मुरलेले असतात, कारण आरती आणि सुवारीला साथ देणारं घुमट मातीचंच. 2019 मध्ये राज्याने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं मढवत. घोरपडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्यामुळे आता बकरीचं वापरतात.

मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी सतत झिरपतं आणि उडून जातं. त्यामुळे मुळं थंड राहतात आणि हवाही मिळते. कुंडीवर बाहेरून पांढरे डाग दिसू लागले तर घाबरू नका. पाण्यातले आणि खतातले क्षार झिरपून बाहेर आलेत, इतकंच. नवीन कुंडी वापरण्याआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती रोपाच्या वाटणीचं पाणी स्वतःच पिते.

प्लास्टिक पाणी धरून ठेवतं, आणि काळं प्लास्टिक एप्रिलच्या उन्हात मुळं शिजवतं. कापडी पिशवीत वेगळंच घडतं: मुळाचं टोक कडेला आलं की हवेने सुकतं, वाढ थांबते आणि मागून नवे फाटे फुटतात. प्लास्टिकच्या कुंडीत तेच मूळ गोल गोल फिरत राहतं.

माझा कौल असा, की कुंडी निवडताना आधी स्वतःचा स्वभाव पाहा. रोज दोनदा पाणी घातल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याने मातीचीच कुंडी घ्यावी. ती जास्तीचं पाणी पोटात ठेवत नाही. जो शनिवारी गावी जाऊन सोमवारी परततो, त्याला प्लास्टिक सोयीचं.

पाण्याचं गणित बोटावर

मिरचीचं बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. 25 ते 30 अंश उष्णतेत ते आठ-बारा दिवसांत वर येतं, आणि ही उष्णता गोव्यात जवळजवळ वर्षभर फुकट मिळते. सुरुवातीला येणारी दोन गुळगुळीत पानं खरी पानं नसतात. ती बीची शिदोरी. त्यानंतर येणारी पानं खरी, आणि ती येईपर्यंत खताचा एक चिमूटही लागत नाही.

याच वयात रोपांचा खरा शत्रू येतो. संध्याकाळी टवटवीत दिसलेलं रोप सकाळी आडवं झालेलं असतं. बुंध्याशी, मातीला लागून, खोड पाण्याने भिजलेल्या दोऱ्यासारखं बारीक पडलेलं. शेतकरी याला रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. ओल्या, कोंदट मातीत वाढणाऱ्या बुरशा हे करतात. एकदा आडवं पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही, म्हणून सगळा इलाज आधीच करायचा. बी दाट पेरू नका, वारा खेळू द्या, वरची माती दोन पाण्यांच्या मध्ये जराशी सुकू द्या आणि मातीत ट्रायकोडर्मा मिसळा. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, पण ती रोगट बुरशीला खाते.

पाणी हवं की नको, हे घड्याळाला विचारायचं नाही. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. त्याहून सोपी खूण वजनाची. पाणी घातल्यावर कप उचलून पाहा, सुकल्यावर पुन्हा उचला. दोन-चार दिवसांत हाताला फरक कळू लागतो आणि मग बोटही मळवावं लागत नाही. भर दुपारी पान लोंबलं पण माती ओली असेल, तर संध्याकाळपर्यंत थांबा. ऊन उतरलं की ते आपोआप उभं राहतं.

कोवळ्या रोपांवर वरून धार सोडली की माती उखडते आणि मुळं उघडी पडतात. त्यापेक्षा कप परातीत ठेवून परातीत दोन बोटं पाणी घाला. तळाच्या भोकातून माती स्वतःच पाणी ओढून घेते. वरची माती ओलसर दिसू लागली की कप बाहेर काढा.

भर उन्हात पानावर पडलेला थेंब भिंगासारखा पान जाळतो, असं म्हणतात. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानावर थेंबाने डाग पडत नाहीत. दाट लव असलेल्या पानावर, थेंब पानापासून उंच अडकला तरच ती शक्यता. तरीही सकाळीच पाणी घाला, कारण रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.

आणि हे तर बिनपैशाचं: रोज एकदा रोपांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरवा. स्पर्शाने आणि वाऱ्याने खोड आखूड आणि जाड होतं. मार्क जाफ या शास्त्रज्ञाने 1973 मध्ये या परिणामाला शास्त्रीय नाव दिलं. लहान मुलांना हे काम द्या, ती मन लावून करतात.

मडक्याचा एक जुना उपयोगही सांगायलाच हवा. न रंगवलेलं मडकं मातीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. आजूबाजूची माती सुकली की मडक्यातून पाणी झिरपतं, ओली असली की थांबतं. चीनच्या शेतीग्रंथात ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वी नोंदलेली आहे. मोठ्या कुंडीत लहान मडकं पुरलं तरी हीच सोय होते.

आभाळाचं पाणी

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात कुंडीला पाणी कसं घालायचं, हा प्रश्नच नसतो. पाणी कसं टाळायचं हा असतो. कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नका, ती धार कुंडीतली माती खणून काढते. नवख्यांनी चवथ उरकल्यावर, पाऊस ओसरू लागला की बी पेरावं. रोपं हलवायच्या वेळी आभाळ मोकळं झालेलं असतं.

कुंडीखालची थाळी मात्र आठवड्यातून एकदा न चुकता पालथी करा. डेंग्यूचा डास तेवढ्याच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवसच लागतात.

या रोपाला कुंडी नाही

पेडणे आणि डिचोलीकडे भाड्याच्या घरांत कुंड्यांमध्ये गांजाची रोपं सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. चार कुंड्या तर आहेत, त्याही स्वतःपुरत्या, असा समज करून काही तरुण यात अडकतात. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात स्वतःपुरत्या कुंडीला सूट नाही. गांजाचं झाड परवान्याशिवाय लावणं हाच गुन्हा आहे, आणि त्याला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. औषधी उपयोगासाठी नियंत्रित लागवड करू द्यावी, या प्रस्तावावर 2020 च्या अखेरीस गोव्यात बराच वाद झाला, पण गॅलरीतली कुंडी त्याने कायदेशीर झाली नाही. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: आपल्या जागेत हे चाललंय हे ठाऊक असून चालू देणाऱ्या मालकालाही याच कायद्यात शिक्षा आहे. विसाव्या वर्षी कुणाच्या मुलाने कुंडीपायी कोर्टाच्या पायऱ्या चढू नयेत, अशी माझी कळकळ आहे.

बी कुठून आणाल?

पाकिटातल्या संकरित मिरचीचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं आईसारखी निघत नाहीत. हरमलची मिरची गावठी आहे. तिचं बी धरता येतं. मात्र मिरचीची फुलं स्वतःच फळत असली, तरी मधमाश्या एका जातीचा पराग दुसरीवर नेतात. म्हणून बी धरायचं झाड इतर मिरच्यांपासून लांब ठेवा आणि त्याच्यावरच्या पहिल्या, टपोऱ्या, पूर्ण लाल झालेल्या मिरच्याच राखा. सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर जात आणि वर्ष लिहा.

शुक्रवारी म्हापशाला किंवा गुरुवारी पेडण्याच्या बाजाराला गेलात, तर मिरची विकणाऱ्या बाईला विचारा, हरमलची खरी कुणाकडे मिळेल. मूठभर सुक्या मिरच्या घ्या, त्यातल्या दोन मसाल्यात घालू नका. त्यांचं बी पेरा आणि उगवलं की चार रोपं शेजारच्या घरी द्या.